पर्यावरणाची पदवी नाही, चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, शब्द थोडे इकडचे तिकडे: "मला लिहिता येतं, पर्यावरणाबद्दल आस्था आहे, पण त्या विषयातलं शिक्षण नाही. कंपन्यांच्या सस्टेनेबिलिटी कम्युनिकेशनमध्ये शिरता येईल का?"

येईल. माझंही त्यातलं शिक्षण नाही. मी भाषेची विद्यार्थिनी, नोकरीची सुरुवात जाहिरात एजन्सीत. नंतर एका कंपनीत आले, तिथे सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे पर्यावरणाच्या बाबतीत कंपनीने काय केलं याचा अहवाल, लिहिणारी सहकारी लांब रजेवर गेली आणि तिची फाइल माझ्या टेबलावर येऊन पडली. त्या फाइलने मला धरून ठेवलं ते आजतागायत.

पण "लिहिता येतं" यावर तुम्ही जेवढी भिस्त ठेवताय, तेवढी ठेवू नका. या कामात लिहिणं सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी महिनोन् महिने ईमेल, स्मरणपत्रं, पुन्हा स्मरणपत्रं, आणि "हा आकडा लिटरमध्ये आहे की किलोलिटरमध्ये?" असले फोन.

त्या पहिल्या वर्षी मी एक वाक्य लिहिलं होतं: "गेल्या पाच वर्षांत आम्ही कार्बन उत्सर्जन २२ टक्क्यांनी कमी केलं." आकडा माझ्या मनातला नव्हता, एक्सेलमधूनच उचलला होता. डिझायनरने तो हिरव्या रंगात अर्ध्या पानावर बसवला. सगळ्यांना आवडला. छपाईला आठवडा उरला असताना मी कारखान्यातल्या पर्यावरण विभागाच्या साहेबांना फोन केला, तोही त्यांचा हुद्दा नीट कसा लिहायचा एवढंच विचारायला. बोलता बोलता म्हटलं, "अभिनंदन हं, २२ टक्के म्हणजे कमालच केलीत." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "मॅडम, मधे एक युनिट विकलं ना आपण. मोठी भट्टी तिथेच होती."

म्हणजे त्यातलं बरंचसं उत्सर्जन आम्ही विकून टाकलं होतं. धुराडं तेच, धूरही तोच, मालक फक्त दुसरा.

हिशेबाच्या जगात याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. उत्सर्जन मोजायचे नियम सांगणारा ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल २००१ साली आला, २००४ साली सुधारला गेला. त्यात स्पष्ट म्हटलंय की धंद्याचा मोठा तुकडा विकला किंवा विकत घेतला, तर ज्या वर्षाशी तुलना करता त्या बेस इयरचा हिशेबही नव्याने मांडा. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. साहेबांना होतं, पण त्यांना मसुदा कोणी दाखवलाच नव्हता. नव्याने मांडल्यावर २२चे ४ झाले. वरिष्ठ नाराज झाले, डिझायनर त्याहून. रिकाम्या झालेल्या अर्ध्या पानावर आम्ही बॉयलरचं इंधन बदलल्याची हकिगत टाकली, कारण हे ४ टक्के त्यातून आले होते. इंधन बदलताना काय काय बिघडलं, किती दिवस काम बंद ठेवावं लागलं, हेही लिहिलं. त्या रिपोर्टमधलं लोकांनी खरोखर वाचलेलं पान तेवढंच, असं मला अजूनही वाटतं.

तर शिकायचं काय? पहिल्यांदा स्कोप १, २ आणि ३, म्हणजे उत्सर्जनाचे तीन गट. कंपनी स्वतः जे जाळते ते पहिल्यात. विकत घेतलेली वीज किंवा वाफ दुसऱ्यात. आणि पुरवठादारांपासून ते ग्राहकाने वस्तू वापरून टाकून देईपर्यंतचं उरलेलं सगळं तिसऱ्यात. त्याचे १५ प्रकार आहेत. अनेक धंद्यांत खरा डोंगर या तिसऱ्यातच असतो, आणि तिथेच अंदाजावर काम चाललेलं असतं. म्हणून "आमचं उत्सर्जन" हे दोन शब्द मसुद्यात दिसले की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या स्कोपचं?

स्कोप २ची गंमत तर वेगळीच. २०१५पासूनच्या मार्गदर्शनाप्रमाणे ज्या बाजारात हरित विजेचे करार किंवा प्रमाणपत्रं मिळतात, तिथे कंपनीने दोन आकडे द्यायचे असतात. एक, ज्या ग्रिडवरून वीज येते त्याच्या सरासरीवर. दुसरा, विकत घेतलेल्या करारांवर आणि प्रमाणपत्रांवर. तीच वीज, तेच मीटर. पण एका रकान्यात भलाथोरला आकडा आणि दुसऱ्यात शून्य. दोन्ही नियमाला धरून. "आम्ही १०० टक्के हरित विजेवर चालतो" हे वाक्य दुसऱ्या रकान्यातून जन्माला येतं. ते खोटं नाही, पण पहिला रकाना शेजारी ठेवला नाही तर खरंही राहत नाही. तो रकाना ठेवून घ्यायला भांडणं हा या नोकरीचा भाग आहे, मात्र कुठल्याही जाहिरातीत तो लिहिलेला नसतो.

रिपोर्ट कसा लिहायचा ते सांगणाऱ्या मानकांची नावं पाठ करत बसू नका, मुख्य दोघांतला फरक समजून घ्या. जीआरआय (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह) ही संस्था १९९७ सालची, तिची पहिली मार्गदर्शक तत्त्वं २००० साली आली. ती विचारते, कंपनीमुळे जगाचं काय होतंय? जून २०२३मध्ये आयएसएसबीची (आंतरराष्ट्रीय सस्टेनेबिलिटी मानक मंडळाची) दोन मानकं आली, एस१ आणि एस२. ती गुंतवणूकदाराच्या बाजूने विचारतात, या सगळ्यामुळे कंपनीच्या पैशाचं काय होईल? या दुसऱ्या प्रश्नामुळे आमच्या कामात आता वित्त विभाग शिरलाय. पुष्कळांना त्याचा त्रास होतो. मला विचाराल तर हेच बरं. पद मार्केटिंगखाली असेल तर मोहिमा लिहाव्या लागतात. वित्तवाल्यांच्या शेजारी बसलात तर ते विशेषणाला पुरावा मागतात.

विशेषणांवरून आठवलं. ग्रीनवॉशिंग, म्हणजे नसलेला हिरवेपणा मिरवणं, हा शब्द १९८६ साली जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने वापरात आणला, तो हॉटेलांतल्या "टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा" छापाच्या पाट्यांवरून. त्याचा मुद्दा असा की वाचत होता तो हॉटेलांचा धुलाईचा खर्च. एवढ्या वर्षांत पाटी तशीच आहे, कायदा मात्र बदललाय. युरोपीय संघाने २०२४ साली एक निर्देश संमत केला, लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६. पुराव्याशिवाय "पर्यावरणस्नेही" म्हणणं त्याने निषिद्ध ठरवलं, आणि बाहेरून कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने कमी केलेल्या उत्सर्जनाचं श्रेय, विकत घेऊन एखाद्या वस्तूला "कार्बन न्यूट्रल" म्हणणंही. अशा नियमांच्या धास्तीने काही कंपन्या आता तोंडच उघडत नाहीत. तेही मला पटत नाही. चार टक्क्यांचं काम केलं असेल तर चार टक्के सांगावेत की!

सुरुवात कशी करायची? प्रमाणपत्राचे कोर्स पुष्कळ आहेत, जमलं तर करा, पण माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांत त्यांच्यामुळे फारसा फरक पडलेला मी पाहिला नाही. त्यापेक्षा एकाच कंपनीचे लागोपाठ तीन वर्षांचे रिपोर्ट उतरवून घ्या आणि शेवटाकडून वाचा. आधी अश्युरन्सचं पत्र: बाहेरच्या तपासनिसाने कोणते आकडे तपासले आणि कोणते नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. (माझे ते २२ टक्के त्या वर्षी तपासणीच्या यादीत नव्हतेच.) मग तळटिपा, मग तक्ते. अध्यक्षांचं मनोगत आणि दोन ओंजळींतल्या रोपट्याचा तो जगप्रसिद्ध फोटो सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी मिरवलेलं कोणतं उद्दिष्ट तिसऱ्या वर्षी गुपचूप गायब झालंय, ते शोधा. त्यावर साध्या भाषेत दोन पानं लिहा आणि तीच अर्जाला जोडा. असा अर्ज माझ्याकडे आजवर दोनदाच आलाय. दोघीही आता या कामात आहेत.

एजन्सी की कंपनी, हेही विचारतात. एजन्सीत दोन वर्षांत दहा धंदे बघायला मिळतात, पण मीटरपर्यंत हात पोहोचत नाही. आधी एजन्सी, मग कंपनी.

आणि पत्रात शेवटी, जरा बिचकत, एक प्रश्न असतोच: "ही सगळी रंगरंगोटीच नाही का?" कधीकधी असते. दोन वेळा मी माझं नाव श्रेयनामावलीतून काढून घ्यायला सांगितलंय, एकदा नोकरीही सोडलीय. बाकीच्या वर्षांत वाक्यं खोडून घेता आली.

भट्टीवाले साहेब निवृत्त झाले. आम्ही दोघांनी मिळून डेटाच्या एक्सेलमध्ये एक जादा रकाना घातला होता, "शेरा" नावाचा. जो आकडा भरेल त्याने तो का वाढला किंवा का घटला, ते एका ओळीत लिहायचं. नंतरच्या नोकऱ्यांतही तो रकाना मी सोबत नेला. काल एका युनिटकडून भरलेली शीट आली. पाण्याचा वापर ३१ टक्क्यांनी कमी, आणि पुढे शेरा: "मीटर चार महिने बंद होतं."