चाळिशीत तिरळेपणाचं ऑपरेशन

मी देवगडचा, एसटीत कंडक्टर. डावा डोळा लहानपणापासून मधूनच बाहेरच्या बाजूला जायचा. मी एकाला "कुठे?" विचारायचो आणि शेजारचा "कणकवली" म्हणून पैसे पुढे करायचा. भर उन्हात समुद्राकडे तोंड केलं की डोळा आपोआप मिटायचा. लहानपणी एका चष्मेवाल्याने सांगितलं, मोठा झाला की जाईल. मोठा झालो तर लोक म्हणू लागले, आता वय गेलं. दोन्ही खोटं. वर चकणा म्हणजे नशीबवान, हे आहेच!

कोल्हापूरला दाखवलं. ऑपरेशनपेक्षा मोजमापालाच जास्त वेळ गेला म्हणा ना. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. डोळा हलायचा थांबेपर्यंत पुढे वाढत्या नंबरचे प्रिझम, म्हणजे पाचरीसारख्या काचा, धरायचे. लांबचं अक्षर, जवळचं अक्षर, मान डावीकडे, उजवीकडे. दुसऱ्या खेपेला तेच सगळं पुन्हा, कारण दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच स्नायू किती मिलिमीटर सरकवायचा ते ठरतं.

आईची एकच काळजी: "डोळो भायर काढून ठेवतत काय रे?" नाही काढत. डोळा जागेवरच असतो. प्रत्येक डोळा हलवायला सहा स्नायू असतात. पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा थोडा कापून त्यांच्यापर्यंत पोचतात. माझा बाहेरचा स्नायू सोडवून थोडा मागे शिवला, म्हणजे त्याची ओढ कमी झाली. आतला थोडा कापून आखूड केला आणि मूळ जागी शिवला, त्याची ओढ वाढली. टाके आपोआप विरघळतात. भूल पूर्ण दिली होती. स्नायू ओढला की नाडी मंदावू शकते, म्हणून भूलतज्ज्ञांचं लक्ष सतत मॉनिटरवर असतं, हे मला आधीच सांगितलं होतं. ऐकून धीर आला असं काही म्हणणार नाही.

पट्टी काढल्यावर डोळा कोकमाच्या आगळात बुडवून काढल्यासारखा लाल. दुखण्यापेक्षा खुपत जास्त होतं. पण खरी घाबरगुंडी उडाली ती सगळं दोन-दोन दिसायला लागलं तेव्हा. येताना फोंडा घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे चार दिसायचे. शेवटी एक डोळा मिटूनच बसलो. घरी पेजेची वाटी धरायला जावं तर हात बाजूलाच पडायचा. मेंदूला नव्या जागेची सवय होईपर्यंत असं होतं, हे डॉक्टर बोलले होते. हळूहळू ते गेलंही. थेंब वेळेवर घालायचे, डोळा चोळायचा नाही, काही आठवडे पोहायचं नाही, एवढंच पथ्य. बांगड्यावर बंदी शेजारणींनी घातली, डॉक्टरांनी नव्हे.

चष्म्याचा नंबर होता तोच आहे. या ऑपरेशनने तो जात नाही. खूप दमलो की डोळा किंचित सरकतो अजून. पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, हे सही करतानाच वाचलं होतं.

भावाच्या चार वर्षांच्या मुलीचा डोळा आत वळतो असं वाटलं, तेव्हा मात्र कोणालाच थांबू दिलं नाही. तिचा तो डोळा आळशी झालाय, म्हणजे मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करतो म्हणून त्याची नजर कमी राहिलीय, आणि त्यावर उपचार जितक्या लहानपणी तितका चांगला. तिला सध्या चष्मा आणि रोज काही तास पट्टी आहे. ऑपरेशनचं नंतर बघू म्हणालेत. पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची असते, वाकड्या नाही, हे आईला पटवता पटवता माझा घसा बसला.