नववी ‘ब’ आणि डॅनिएल डिफो

१९८५च्या दिवाळीनंतर वडिलांची बदली झाली आणि मी नागपूरहून थेट या शाळेच्या नववी ‘ब’मध्ये येऊन बसलो. मी ‘काय करून राहिला?’ म्हटलं की वर्ग खो-खो हसायचा. एका सकाळी तर माझ्या बोलण्यावरची चारोळीच फळ्यावर होती. इंग्रजीचे सर आले, त्यांनी ती शांतपणे वाचली, पण पुसली नाही. उरलेल्या अर्ध्या फळ्यावर त्यांनी लिहिलं : लंडन, १७०१.

इंग्लंडच्या गादीवर तेव्हा तिसरा विल्यम होता, जन्माने डच. जॉन टचिनने १७०० साली ‘द फॉरिनर्स’ नावाचं पद्यातलं चोपडं काढून राजाच्या डच सरदारांवर तोंडसुख घेतलं. ते वाचून डॅनिएल डिफोचं, म्हणजे पुढे ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाचं, डोकं फिरलं. पुढे त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलंय. जानेवारी १७०१मध्ये त्याचं उत्तर आलं, तेही पद्यातच : ‘द ट्रू-बॉर्न इंग्लिशमन’. त्यात त्याने ‘अस्सल’ इंग्रजांची अक्षरशः हजेरी घेतली. रोमन आले, सॅक्सन आले, डेन आले, नॉर्मन आले. सर एकेक नाव लिहीत गेले आणि खडूची भुकटी त्यांच्या बाहीवर साचत गेली. या सगळ्यांच्या मिसळणीतून झालेल्या माणसाने दुसऱ्याला परका कोणत्या तोंडाने म्हणायचं? माणूस मोठा होतो तो स्वतःच्या गुणांनी, हा डिफोचा शेवट. चोरून छापलेल्या स्वस्त प्रतीच ऐंशी हजार खपल्या, असं तो सांगतो. पुढे कितीतरी लिखाणावर त्याने ‘ट्रू-बॉर्न इंग्लिशमनचा कर्ता’ एवढीच ओळख छापली.

कॉलेजात मी ती कविता पूर्ण वाचली. काही ठिकाणी ती फार शिवराळ आहे, टचिनवर वैयक्तिक वारही आहेत. मला आजही भिडते ती यादीच.

त्या दिवशी सरांनी खडू माझ्या हातात दिला. म्हणाले, “आता तू लिही.” हात थरथरत होता, तरी लिहिलं :

आजा कुणाचा घाटावरचा, आजी कुणाची कोकणची;
मूळचा इथला कोण ते सांगा, हजेरी घ्या नववी ‘ब’ची!

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “सर, माझी आजी कारवारची!” मग एकेक हात वर होत गेला. सरांनी सगळी गावं फळ्यावर लिहून घेतली. जागा पुरेना, तेव्हा ती चारोळी पुसावी लागली.