सुतकातली दिवाळी

नरक चतुर्दशी, गावी.

पहाटेपासून वाडीत ‘गोविंदा, गोविंदा’ चाललंय. आमच्याकडे सामसूम. गेल्या आठवड्यात पोरांनी कुंपणावरून काढून आणलेली कारिटं पडवीच्या कोनाड्यात तशीच पडून आहेत, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची, देठाकडे जराशी पिवळी पडायला लागलेली. उटणं नाही, कंदील नाही, चावदिसाचे पोहे नाहीत. वरच्या घरातले काका वारले आणि आम्हाला सुतक लागलं.

वरच्या घराशी आमचं बोलणं मला कळतंय तेव्हापासून बंद आहे. कारण गडगा, दोन घरांमधला हद्दीचा दगडी बांध. त्यांनी तो आमच्या बाजूला सरकवला असं आमचं म्हणणं, तो मुळातच तिथे होता असं त्यांचं. मग मोजणी, हरकत, पुन्हा मोजणी, दिवाणी दावा. अण्णांची अर्धी हयात कणकवलीच्या एसटीत तारखांना जाण्यायेण्यात गेली. एका पावसाळ्यात काकांनी आमची पाणंद काटेरी फांद्या टाकून बंद केली होती. आजीला डॉक्टरकडे न्यायचं, तर खुर्चीत बसवून शेतातल्या चिखलातून न्यावं लागलं. ते मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्यामुळे ते गेल्याचा फोन आला तेव्हा मला बरं वाटलं. रोजनिशीत खोटं कशाला लिहू? भाऊ तर म्हणालाच, ‘‘गेलो एकदाचो.’’ आणि दुसऱ्या दिवशी दिवाळीचं सामान परत माळ्यावर चढवताना, ‘‘मेल्यार पण आमची दिवाळी खाल्ल्यान!’’ वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. पण देव पाण्याविना आहेत, दारात रांगोळी नाही, घरात गोडधोड नाही. ज्या माणसाशी आम्ही साधं ‘काय, कसे आहात’ इतकंही बोलत नव्हतो, त्याच्यासाठी. बोलणं तुटतं, सुतक तुटत नाही. कोणी केली असेल ही सोय? भाऊबंदकीचा अनुभव असलेल्यानेच. शेजारच्या घरात प्रेत असताना या घरातून फटाके वाजू नयेत, एवढी तजवीज त्याने करून ठेवली. मनात काय चाललंय ते त्याने विचारलेलं नाही.

दिवसभर काही काम नाही, म्हणून डोक्यात हेच.

आजचा सण तरी दुसरं काय आहे? शत्रू मेला म्हणून आनंद. नरकासुर मेला, करा अंघोळ, फोडा कारीट. गोव्यात तर रात्रभर त्याचे भलेथोरले पुतळे मिरवून पहाटे जाळतात. पुतळा एवढा मोठा आणि कृष्ण कुठेतरी कोपऱ्यात वीतभर, त्यामुळे नक्की जयंती कोणाची असा प्रश्न पडतो, ते सोडा. पण कथा नीट पाहिली तर नरकासुराच्या बंदीत सोळा हजार स्त्रिया होत्या आणि त्या सुटल्या. आनंद त्या सुटकेचा, असं मी मानतो. भागवतात तर पुढे त्याची आई, भूमी, अदितीची कुंडलं परत घेऊन येते आणि नातवाला, भगदत्ताला, कृष्णाच्या पायावर घालते. कृष्ण त्याला अभय देतो. हा भाग पुतळे जाळताना कोणी सांगत नाही. आणि कारीट फोडून त्याचा रस आपण जिभेला लावतो, तो कडूजहर. विजयाच्या दिवशी पहिली चव ही. मुद्दाम असेल का? असावी.

२१ नोव्हेंबर २०१२ आठवतोय. दिवाळी नुकतीच संपली होती. सकाळी साडेसातला येरवड्यात कसाबला फाशी दिली, आणि बातमी आली तोवर सगळं उरकून त्याला तुरुंगाच्या आवारातच पुरलंही होतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दिवाळीचे उरलेले फटाके वाजले. ऑफिसात पेढे आले. मी पेढा घेतला नाही, म्हणून एकाने विचारलं, ‘‘काय, वाईट वाटलं का?’’ छे! १६६ माणसं मारली त्यांनी. तुकाराम ओंबळ्यांनी त्याची बंदूक छातीशी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. फाशी योग्यच होती, मला आजही तसंच वाटतं. पण पेढा पोरगं पास झाल्यावर वाटतात. बरं वाटणं आपल्या हातात नसतं. हलवायाच्या दुकानात जाऊन किलोभर पेढे बांधून घेणं पूर्ण आपल्या हातात असतं, आणि मला त्या दुसऱ्या गोष्टीचा त्रास होतो.

त्याच प्रकरणातली एक गोष्ट मला पेढ्यांपेक्षा कितीतरी भारदस्त वाटते. कसाबच्या मारल्या गेलेल्या नऊ साथीदारांना मुंबईतल्या मुसलमानांनी आपल्या कबरस्तानात जागा नाकारली. वर्षभराहून जास्त काळ ती प्रेतं जेजेच्या शवागारात पडून होती, शेवटी सरकारने २०१० च्या जानेवारीत गुपचूप पुरली. फटाके नाहीत, घोषणा नाहीत. आमचं सुतक नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. याहून कडक निषेध मला तरी ठाऊक नाही.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे ‘मरणान्तानि वैराणि’. रावणाचे संस्कार करायला बिभीषण का-कू करतो, तेव्हा राम म्हणतो, मेल्यावर वैर संपलं, तो जसा तुझा तसाच आता माझाही. म्हणजे सुतक अंगावर घ्यायलाच तयार! एवढी माझी झेप नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे, ती महाराजांनीच बांधवली असं परंपरा सांगते. पण त्या पराक्रमाचं मला जास्त कौतुक वाटतं ते पुढच्या तारखेमुळे. १० नोव्हेंबर १६५९ ला खान पडला आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला. पेढे वाटत बसायला सवड कोणाला होती?

दुपारी वरच्या घरातली काकू मागच्या पडवीत एकटीच बसलेली दिसली. गडग्यापलीकडून वहिनीने तिला विचारलं, ‘‘जेवलात काय?’’ तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. वहिनी आत येऊन भावाकडे बघत म्हणाली, ‘‘विचारलंय. काय म्हणायचं ते म्हणा.’’ तो काही म्हणाला नाही.

बाराव्याला मी जाईन. अण्णा असते तर गेले असते, आणि परत येऊन वकिलाला फोनही केला असता. तो मलाच करावा लागेल. काकांच्या जागी आता वारस म्हणून त्यांच्या मुलाचं नाव लावायचं आहे, त्याचा अर्ज आपल्याकडून वेळेत गेला पाहिजे असं वकील म्हणत होते. मुलगा पुण्याला असतो, त्याचा पत्ताही त्याच्याकडूनच घ्यावा लागेल.