कारळीला घर हवंय (पपी नाहीये, आधीच सांगते)

अडॉप्शनची पोस्ट टाकली की पहिला मेसेज ठरलेला, "पपी आहे का?" दुसरा, "मेल आहे का?" आणि तिसरा जरा चाचरत, "लॅब वगैरे काही येतं का हो तुमच्याकडे?" येतं ना, लॅब म्हणजे लॅब्राडॉर येतात, हस्कीसुद्धा येतात, हौसेने आणलेले आणि मग पुण्याचा मे महिना आणि घरभर केस झेपले नाहीत म्हणून सोडून दिलेले. पण आज त्यांच्याबद्दल नाही लिहायचंय. आज कारळीबद्दल.

मी रविवारी ज्या शेल्टरला जाते तिथे ती आहे. वय साधारण चार, तेही डॉक्टरांनी दात बघून सांगितलेलं, जन्मदाखला कुणाकडे असणार. कुत्री आहे, देशी आहे, आणि काळी आहे म्हणजे पूर्ण काळीकुट्ट, छातीवर एक पांढरा ठिपका आणि मागच्या पायांची बोटं तेवढी पांढरी. तिचे फोटो काढणं हा एक स्वतंत्र छळ आहे. ऊन असलं तर चकाकणारा काळा गोळा येतो, सावली असली तर नुसते दोन डोळे आणि जीभ. त्यामुळे पोस्टमध्ये शेजारच्या पिंजऱ्यातली पिवळसर पिल्लं भाव खाऊन जातात आणि हिच्याखाली "सो क्यूट" एवढंच येतं. काळी कुत्री मागे राहतात हे शेल्टरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, लगेच मान हलवेल.

गंमत म्हणजे शनिवारी हिला भयंकर मागणी असते. शनीसाठी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची असते ना, ते लोक डबा घेऊन गेटवर येतात आणि विचारतात, "पूर्ण काळं आहे का एखादं?" छातीवरचा पांढरा ठिपका चालेल का यावर एका काकांनी घरी फोन लावून खात्री करून घेतली होती. तेलकट पोळी आम्ही देऊ देत नाही, साधी कोरडी चालते. तर कारळी ती पोळी अगदी हळू, दात न लावता, ओठांनी उचलल्यासारखी घेते, पाण्याच्या निळ्या ड्रमामागे नेऊन ठेवते आणि परत गेटवर येऊन बसते, डब्यात अजून एखादी आहे का बघायला. नसेल तर मग जाऊन आरामात खाते. पोळी घालणारे नमस्कार करून जातात. घरी नेता का असं मी दोघा-चौघांना विचारलंय, म्हणाले छे हो, आमच्याकडे हिला कुत्रं चालत नाही, हिला म्हणजे बायकोला, आणि बायको शेजारीच उभी, आमच्या कारळीचे कान खाजवतेय.

ती आली कुठून ते सांगते कारण लोकांना वाटतं शेल्टरचं कुत्रं म्हणजे काहीतरी भानगड असणार. हिंजवडीच्या बाजूला एक मोठी साइट चालू होती, तिथल्या वॉचमनच्या खोपटापाशी ही वाढली. पुण्यात अशी कितीतरी कुत्री आहेत, बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांनी पाळलेली, भात-डाळीवर वाढलेली, रात्री सिमेंटच्या गोण्यांपाशी झोपणारी. बिल्डिंग झाली, कुटुंब पुढच्या साइटवर गेलं, कुत्री तिथेच राहिली आणि बिल्डिंगमध्ये राहायला आलेल्या लोकांच्या दृष्टीने ती एका दिवसात "भटकी" झाली. मला हे कायम विचित्र वाटतं, म्हणजे जागेवर आधी कोण होतं ते बघा. असो. मधल्या काळात तिची नसबंदी झाली (कानाचं टोक व्ही आकारात कापलेलं दिसतं ना, ती त्याची खूण, कुणी कान तोडलेला नाही, हा प्रश्न दर वेळी येतो) आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे लस देऊन तिला तिच्याच जागी परत सोडलं. नियम तसाच आहे, नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं उचललं तिथेच सोडायचं, कारण ते हलवलं की जागा रिकामी होते आणि नसबंदी न झालेली नवी कुत्री येऊन बसतात. तिथेच राहिलीही असती. पण एका टू-व्हीलरने उडवलं, मागचा डावा पाय मोडला, आणि एका कॉलेजच्या मुलाने तिला रिक्षात घालून आणलं. पाय जुळला पण किंचित वाकडा, त्यामुळे बसते तेव्हा तो पाय बाजूला घसरतो आणि ती एका कुशीवर रेलून बसते, ओसरीवर पान खात बसलेल्या आजीबाईसारखी. पळताना काही कळत नाही. जिने चढते. डॉक्टर म्हणाले म्हातारपणी थंडीत दुखेल, वजन वाढू देऊ नका, बाकी काही करायची गरज नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर तिला गोचीडतापही होऊन गेला. हे लपवत नाही कारण देशी कुत्र्यांना काही होत नाही असा एक फार लाडका गैरसमज आहे. होतं. गोचिडीतून एर्लिकिया होतो, प्लेटलेट्स पडतात, कुत्रं खाणं सोडतं, नाकातून रक्तसुद्धा येऊ शकतं. डॉक्सीसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो आणि तो मध्येच सोडायचा नसतो, कुत्रं आठवडाभरात उड्या मारायला लागलं तरी. तिचा पूर्ण झालाय, नंतरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, फाइल दाखवू. अँटीरेबीज आणि नाइन-इन-वन (बऱ्याच आजारांवरची एकत्र लस) दोन्ही चालू आहेत, पुढे दर वर्षी बूस्टर तुम्हाला द्यावा लागेल, जंताचं औषध तीन-तीन महिन्यांनी आणि गोचिडीसाठी पाठीवर टाकायचं औषध किंवा गोळी, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता स्वभाव. माणसं आवडतात, सगळी. पायाला येऊन चिकटते आणि सगळं वजन टाकते, तुम्ही बाजूला झालात तर पडेल इतकं. मुलांशी चांगली आहे पण तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी स्वतः नको म्हणेन, ती चावेल म्हणून नाही, आनंदाच्या भरात शेपूट आणि अख्खं अंग घेऊन धडकते आणि लहान मूल आडवं होतं. खराट्याला घाबरते. झाडू नाही, मॉप नाही, फक्त खराटा, अंगण झाडायला काढला की ही ड्रमामागे. का ते ओळखायला फार डोकं लावावं लागत नाही. स्कूटरवर भुंकते, हेही ओळखता येईल. पट्टा ओढते, सुरुवातीला दोन दिवस तुमचा खांदा दुखेल. जेवताना दुसरी कुत्री जवळ आलेली खपत नाही, माणूस चालतो. घरात शी-शू करत नाही, तेवढं तिने कुठे शिकलं देव जाणे.

आणि म्हणूनच मी पपीवाल्यांशी नेहमी वाद घालते. पिल्लू गोड असतं, कबूल. पण पिल्लू म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा जेवण, लसींची रांग, त्या पूर्ण होईपर्यंत पार्वो-डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची धाकधूक, मग दात बदलताना चपला, चार्जर, सोफ्याचा कोपरा आणि तुमची बोटं, आणि दोघंही नऊ तास ऑफिसला. ते मोठं होऊन केवढं होईल, कसं होईल, हे कुणी सांगू शकत नाही. मोठ्या कुत्र्यात जे आहे ते समोर आहे. कारळीची उंची वाढणार नाही, स्वभाव कळलेला आहे, आणि देशी कुत्री नीट सांभाळली तर तेरा-चौदा वर्षं सहज जगतात, म्हणजे अजून भरपूर आयुष्य बाकी आहे.

ती एकदा अडॉप्ट होऊन परत आलीये, हेही सांगून टाकते. कुटुंब चांगलं होतं, वाईट काहीच बोलणार नाही. भाड्याचं घर, घरमालकाने आधी तोंडी हो म्हटलं आणि मग शेजाऱ्यांच्या दोन फोननंतर नाही म्हटलं. रडत आणून सोडलं तिला. तेव्हापासून आमच्याकडे भाडेकरूंना सांगतात की घरमालकाचा होकार लेखी आणा, व्हॉट्सअ‍ॅपवर असला तरी चालेल. लोक इथे गोंधळ करतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला ठराव करून कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टमध्येही अडवता येत नाही, ते सोसायटीच्या चेअरमन काकांना प्रिंट काढून द्या. पण भाडेकरार ही तुमची आणि मालकाची गोष्ट आहे, तिथे ते परिपत्रक नाचवून उपयोग नाही. आणि हो, महापालिकेचा पाळीव कुत्र्याचा परवानाही काढायचा, देशी असली तरी.

कुणाला देणार नाही तेही ऐका. फार्महाऊसवर "राखणीला". मुळशी-पानशेतकडून असे फोन सतत येतात, "जागा खूप आहे, मोकळी फिरेल" म्हणतात आणि मग विचारलं की शनिवार-रविवार सोडून तिथे कोण असतं, तर एक गडी असतो आणि एक साखळी असते. नाही. गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवणाऱ्यांना नाही. घरातल्या एकाला हवंय आणि बाकीचे "बघू" म्हणतायत, तर आधी ते बघून घ्या, सगळे एकदम या, आजी-आजोबांसकट, कारण दुपारी घरात तेच असतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा दिल्ली-एनसीआरच्या कुत्र्यांचा तो आदेश आला, सगळी उचलून शेल्टरमध्ये टाका म्हणून, आणि अकरा दिवसांत २२ तारखेला बदलला, तेव्हा सगळीकडे नुसता गदारोळ होता आणि भावनेच्या भरात "मी दोन नेते" म्हणणारेही निघाले. त्याच बदललेल्या आदेशात एक साधी गोष्ट होती जी फार कुणी वाचली नाही, की अडॉप्ट केलेलं कुत्रं परत रस्त्यावर येता कामा नये ही नेणाऱ्याची जबाबदारी. आमच्या फॉर्मवर हे आधीपासून आहे. नाही जमलं तर इथे आणून द्या, कुणी ओरडणार नाही, पण रस्त्यावर सोडायचं नाही.

प्रक्रिया सोपी आहे. या, भेटा, शक्य असेल तर दोनदा भेटा, फॉर्म भरा, आधारची कॉपी द्या, आमच्यातलं कुणीतरी घर बघून जाईल. घर बघणं म्हणजे पोह्यांचा कार्यक्रम नाही, बाल्कनीची जाळी आणि गेटची फट बघायची असते. पैसे काही नाहीत. नेल्यावर पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका, नातेवाईक बोलावू नका, फोटोसेशन तर अजिबात नको. तीन दिवस घाबरण्यात, तीन आठवडे घराचं रुटीन समजण्यात आणि तीन महिने हे आपलं घर आहे हे पटण्यात जातात असा एक ढोबळ हिशोब आहे, कारळीला कदाचित कमी लागेल. पण पहिले काही आठवडे दार उघडताना पट्टा हातात हवा, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवा, आणि बाहेर नेताना गळ्याचा आणि अंगाचा असे दोन पट्टे. नवीन घरातून कुत्रं सुटतं ते बहुतेक या पहिल्या दिवसांतच, दूधवाला आला आणि दार अर्धं उघडं राहिलं एवढं पुरतं.

खायला भात, चिकन, उकडलेलं अंडं, लाल भोपळा, हे आवडतं. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रं जगवू नका, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या तेच चाललंय तरीही. कांदा-लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट बंद. महिन्याला खाणं, औषधं धरून तीनेक हजार धरून चाला, आजारपण आलं तर वेगळं.

रविवारी सकाळी दहानंतर मी असते, मेसेज करून या म्हणजे लोकेशन पाठवते. दुपारी एकनंतर नका येऊ, सगळे झोपलेले असतात आणि उठवलं की मग एक भुंकलं की अख्खं शेल्टर भुंकतं. आणि घरात मांजर असेल तर आधीच सांगा, त्या बाबतीत कारळीचं आणि माझं एकमत झालेलं नाहीये, मग तुम्हाला दुसरं कुणीतरी दाखवते, आहेत बरेच.