शेपर्टनचा रम्बलारा क्लब आणि आमची पेठ

शनिवारी सकाळी साडेआठला घरातून निघायचं हे आमच्याकडे आता ठरूनच गेलंय. पोरीची किट बॅग, थर्मासमध्ये चहा, डब्यात पोह्यांचा चिवडा, आणि जुलै असेल तर आईनं शिवलेली गोधडी पण गाडीत टाकायची, कारण एकदा ग्राउंडवर गेलं की संध्याकाळ कधी होते कळतच नाही आणि इथली थंडी हाडात शिरते.

आम्ही राहतो शेपर्टनला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून उत्तरेला दोन-अडीच तासांवर. गोलबर्न नदीकाठचा फळबागांचा भाग, पीच, पेअर, जर्दाळू, आणि ती फळं डबाबंद करणारा मोठा कारखाना. मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. म्हणजे फुटबॉल मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आमच्याकडे तालमींचेच फुटबॉल संघ असतात. पाटाकडील तालमीची मॅच शिवाजी पेठेतल्या टीमशी असली की आमच्या गल्लीत त्या दिवशी भाजी पण लवकर फोडणीला पडायची. पण एक होतं, आम्ही पोरी घरात बसून निकाल ऐकायचो. मैदान पोरांचं. म्हणून इथे आल्यावर क्लबच्या नावातच 'फुटबॉल नेटबॉल' बघितलं तेव्हा मी जरा थांबून ती पाटी परत वाचली होती.

व्हिक्टोरियाच्या गावाकडे हे असंच असतं. एक क्लब, त्यात पोरं-बाप्ये फुटी खेळणार आणि पोरी-बायका नेटबॉल, एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, ओव्हलच्या, म्हणजे फुटीच्या मैदानाच्या कडेलाच नेटबॉलचं कोर्ट. फुटी म्हणजे आपला फुटबॉल नाही बरं का. चेंडू लांबट, मैदान क्रिकेटसारखं गोल, एका बाजूला १८ खेळाडू, चेंडू हातात घेऊन पळायचं, लाथ मारायची किंवा मुठीनं ढकलायचा, मधल्या दोन खांबांतून गेला तर ६ पॉइंट आणि बाजूच्या खांबांतून गेला तर १. हा खेळ मेलबर्नमध्येच जन्मला, १८५९ मध्ये तिथल्या क्लबनं त्याचे पहिले नियम लिहून काढले. नेटबॉल सात जणींचा, छातीवर जागेची अक्षरं लावलेली, चेंडू हातात तीन सेकंदांच्या वर ठेवायचा नाही, टप्पे मारत पळायचं नाही, त्यामुळे सगळा खेळ पासवर आणि एकमेकींवरच्या भरवशावर चालतो. माझी पोरगी एरवी घरात दोन शब्द बोलत नाही, कोर्टवर 'हिअर, हिअर' करून ओरडते ते ऐकून पहिल्यांदा माझे डोळे भरले होते.

तिला रम्बलारा क्लबमध्ये नेलं माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं. ती योर्टा योर्टा, म्हणजे या नदीकाठच्या मूळ लोकांपैकी. रम्बलारा हा आदिवासी समाजानं स्वतः उभा केलेला आणि स्वतः चालवलेला क्लब आहे, पण खेळायला सगळ्यांना घेतात, आम्हालाही कुणी कोण-कुठचे म्हणून विचारलं नाही. पहिल्याच दिवशी पोरीला सांगितलं गेलं की मोठ्या माणसांना नुसत्या नावानं हाक मारायची नाही, आन्टी आणि अंकल म्हणायचं. इथे बाकी सगळीकडे बॉसला पण नावानं हाक मारतात, आणि या एका ग्राउंडवर काकू-काका! मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

पण या क्लबची गोष्ट १९९७ पासून सुरू होत नाही, म्हणजे कागदावर होते, त्या वर्षी बरीच वर्षं दार ठोठावल्यावर त्यांना लीगमध्ये जागा मिळाली, पॉल ब्रिग्ज हे पहिले अध्यक्ष. खरी गोष्ट मरे नदीच्या पलीकडची, कमेरागुंजा नावाच्या वस्तीची. तिथे योर्टा योर्टा लोकांना सरकारी मॅनेजरच्या हाताखाली ठेवलेलं, रेशन तुटपुंजं, येण्या-जाण्यावर बंधनं. तरी त्या वस्तीचा फुटीचा संघ असा होता की आजूबाजूच्या गोऱ्या गावांना हरवून चॅम्पियनशिप जिंकायचा. धावण्यात पण तसेच, १९२८ ची स्टॉवेल गिफ्ट ही इथली सगळ्यात मोठी शर्यत लिंच कूपर यांनी जिंकली, ते तिथलेच. आणि डग निकोल्स, ते पण तिथलेच! उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबनं कातडीच्या रंगापायी नाकारलं, मग १९३२ मध्ये फिट्झरॉय क्लबकडून फुटी खेळायला लागले, १९३५ मध्ये व्हिक्टोरियाच्या संघात निवडले गेले, पुढे पाद्री झाले, समाजासाठी आयुष्यभर झटले आणि १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. आज एएफएलमध्ये, म्हणजे फुटीच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, दरवर्षी त्यांच्या नावानं सामन्यांची फेरी खेळतात.

४ फेब्रुवारी १९३९ ला कमेरागुंजाची दोनशेच्या आसपास माणसं सामान बांधून उठली आणि नदी ओलांडून व्हिक्टोरियात आली. त्या जाचाला कंटाळून, निषेध म्हणून. पोराबाळांसकट. त्यातली बरीच कुटुंबं शेपर्टन आणि मूरूपना या दोन गावांच्या मधल्या नदीच्या खोलगट जमिनीवर राहिली, तिला 'द फ्लॅट्स' म्हणतात. पत्र्याचे डबे ठोकून सपाट केलेल्या भिंती, गोणपाटाचे पडदे, आणि पूर आला की सगळं उचलून वर पळायचं. बागेत फळं तोडायला आणि कारखान्यात हीच माणसं, पण राहायला गावाबाहेर.

१९५४ मध्ये राणी एलिझाबेथ शेपर्टनला आली तेव्हा ही वस्ती तिच्या नजरेला पडू नये म्हणून रस्त्याच्या कडेनं गोणपाट लावलं होतं, असं इथली जुनी माणसं सांगतात. मैत्रिणीनं गाडी चालवता चालवता ती जागा दाखवली आणि मी गप्प झाले, कारण गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि पाहुणा येणार म्हणून झोपड्यांपुढे कापड लावणं पण आपण आपल्या डोळ्यांनी बघितलंय.

नंतर १९५८ मध्ये तिथेच जवळ दहा काँक्रीटची घरं बांधली, त्या वसाहतीचं नाव रम्बलारा, म्हणजे इंद्रधनुष्याचं टोक. तेच नाव आज जर्सीवर आहे. म्हणजे ज्यांना गावाबाहेर ठेवलं त्यांच्याच वस्तीच्या नावानं आज गावातला ओव्हल ओळखला जातो, आणि दर दुसऱ्या शनिवारी बाकी गावांचे संघ गाड्या घेऊन त्यांच्या ग्राउंडवर येतात. मला या क्लबातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, कुठल्याही कपापेक्षा.

शिवाय इथे नुसता खेळ नाही चालत. डोळे-कान तपासणं, शाळा सोडलेल्या पोरांना परत शिकायला लावणं, नोकरीसाठी मदत, सगळं क्लबच्या आधारानं, मेलबर्न युनिव्हर्सिटीबरोबर खेळ आणि आरोग्य शिकवणारी अकॅडमी पण उभी केली. पोरगा ट्रेनिंगला आला नाही तर कोच फोन करतो आणि कोचनं नाही केला तर आन्टी थेट घरी जातात. आमच्या तालमीत पण हेच होतं, पेठेत कुणाकडे मयत असो नाहीतर लग्न असो, तालमीची पोरं आधी हजर.

शनिवारचा दिवस कसा असतो सांगते. सकाळी छोट्यांचे सामने, मग वरचे गट, दुपारी सीनियर. गाड्या ओव्हलभोवती तोंड आत करून लावलेल्या, गोल झाला की सगळे हॉर्न वाजवतात. स्कोअर लिहायला कुणाची आई, पाणी द्यायला कुणाचा भाऊ, कँटीनमध्ये मीट पाय (खिमा भरलेली पेस्ट्री) आणि सॉस वाढायला ज्याची पाळी असेल तो. माझी पाळी पहिल्यांदा आली तेव्हा मी कांदाभजी केली, अर्ध्या तासात संपली, तेव्हापासून पाळी नसली तरी विचारणा होते. जिंकले तर ड्रेसिंग रूममध्ये गोल करून क्लबचं गाणं म्हणतात, लहान पोरं मध्ये घुसतात आणि म्हातारी माणसं दारात उभी राहून ओठ हलवतात.

मागच्या महिन्यात वारा भयंकर होता. कोर्टच्या कडेला खुर्चीवर बसलेल्या एका आन्टींच्या पायावर मी माझी गोधडी टाकली. त्यांनी टाके बोटांनी चाचपून बघितले, कुणी शिवली विचारलं. माझ्या आईनं, जुन्या साड्यांची, म्हटलं. मग त्या म्हणाल्या की फ्लॅट्सवर त्यांची आजी पिठाच्या पोत्यांची अशीच शिवायची, त्याला वॅगा म्हणतात, आणि एका वॅगाखाली चार भावंडं झोपायची. तेवढ्यात पोरगी मॅच संपवून घामेजलेली आली, आन्टींनी गोधडीचं एक टोक उचललं आणि तिला शेजारी घेतलं. सीनियरची मॅच संपेपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या.