पाकिटाचं अस्तर

निपाणीच्या आत्तीच्या पंचाहत्तरीचं कार्ड एका बैठकीत झालं. पाकिटानं मात्र तीन संध्याकाळी खाल्ल्या.

तसं बेळगावच्या खडेबाजारात पाकिटं ढिगानं मिळतात. पण कार्डावर मी आईच्या जुन्या शहापुरी साडीचा काठ रंगवला होता, हिरव्यावर लाल. त्याला पांढरं सरकारी पाकीट म्हणजे नऊवारीवर रेनकोट. (इथल्या जुलैत तोही घालावा लागतो म्हणा.)

कागदाचा चौकोन तिरपा ठेवायचा, मधोमध कार्ड आडवं, चारी कोपरे आत दुमडायचे. दिसायला इतकं सोपं की मी मोजलंच नाही. कार्ड पाच बाय सात इंच, घरात ए-फोर कागद होते, कापला चौकोन. दुमडला, तर कार्डाचे चारी कोपरे बाहेर डोकावायला लागले, आखूड पांघरुणातून पाय निघावेत तसे. मग शाळेतला पायथागोरस आठवला. पाच अधिक सात बारा, हा चौकोनाचा कर्ण. म्हणजे बाजू निदान साडेआठ इंच हवी. ए-फोर रुंदीला सव्वाआठलाच थांबतो. पाव इंचानं सगळी संध्याकाळ गेली. आता नऊ इंच घेते, वाद नको.

दुसरी संध्याकाळ पावसानं खाल्ली. दमट कागदाची घडी बसत नाही. संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून आधी रेघ दाबून घेतली, मग चमच्याची दांडी फिरवली, तेव्हा कुठे धार आली. चिकटवायला मैद्याची खळ केली. पातळ झाली, कागद पापडासारखा फुगला. आई म्हणाली, "इस्त्री फिरीव की वरनं." फिरवली. खळीच्या डागाला करपट रंगही आला.

खरी मजा अस्तराची. पाकीट उघडलं की आत जे दिसतं ते. मागच्या वर्षीच्या एका लग्नपत्रिकेचं आतलं पातळ पान काढलं, एका अंगाला मराठी मजकूर, दुसऱ्या अंगाला कन्नड. मी कन्नड बाजू वर ठेवली. ती वळणदार गोल अक्षरं नक्षीसारखी दिसतात. मला ती वाचताही येतात, पण नक्षी म्हणून बघितली की जास्त आवडतात. अस्तर पाकिटापेक्षा कडेनं थोडं लहान कापायचं आणि खळ फक्त वरच्या पाकळीला लावायची. सगळीकडे लावली की घडी घालताना सुरकुती पडते.

पत्ता मराठीत लिहिला, गावाचं नाव खाली कन्नडातही. पोस्टमन मराठी असो की कन्नड, पिनकोड दोघांनाही वाचता येतो. खिडकीवर वजन केलं तर वीस ग्रॅमच्या वर. पाचाचं तिकीट दोनदा लावलं, तेही पाकिटावर रंगवलेला काठ झाकणार नाही अशा कोपऱ्यात. मग पलीकडच्या माणसानं शिक्का उचलला आणि नेमका काठावर ठोकला. धाप!

चार दिवसांनी आत्तीचा फोन.

"पाकीट आलं गे. टीव्हीवर ठेवलंय. शिक्क्यानं जरा काळं झालंय, पण लई देखणं."

"आणि कार्ड?"

"कसलं कार्ड? अगं, ते फोडू वाटंना. आत काय लिहिलंयस ते वाच की फोनवर."