तुकड्यांची पिशवी आणि लॉग कॅबिनचे ४८ ब्लॉक

शिवणाऱ्या बाईच्या घरात तुकडे साठतातच. ब्लाउज बेतला की कडेचं उरतं, परकराचं उरतं, कॉलर विरलेला शर्ट 'पाठ अजून धडधाकट आहे' म्हणून टाकवत नाही. या सगळ्याचं काहीतरी एकच मोठं करायचं म्हणून मी लॉग कॅबिन घेतलं, म्हणजे ओंडके रचल्यासारख्या पट्ट्या चौकोनाभोवती लावून करायचा गोधडीचा नमुना. दीड इंच रुंदीची पट्टी निघाली की तुकडा कामाचा, एवढीच त्याची अट.

हा नमुना अमेरिकेत १८६०च्या दशकात फार लोकप्रिय झाला. अब्राहम लिंकनचा जन्म ओंडक्यांच्या झोपडीत झाला होता आणि त्या काळात तिचं चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे होतंच. मधला लाल चौकोन म्हणजे त्या झोपडीतली चूल, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण माझ्याकडे लाल खणाचे तुकडे होते, ते मी सगळीकडे मध्ये लावले. लावण्याआधी मात्र मीठ-पाण्यात भिजवून पाहिले, कारण लाल रंग सोडला तर शेजारचं पांढरं गेलंच.

शिवणं तसं सोपं. मध्ये दीड इंचाचा चौकोन, भोवती पट्ट्या एकाच दिशेने फिरवत जायच्या: दोन फिक्या, मग दोन गडद. असे चार फेरे. शिलाई पाव इंचाची, तयार ब्लॉक, म्हणजे गोधडीचा एक चौकोन, नऊ इंचाचा. कापताना सगळ्यात आखूड पट्टी दीड इंच आणि सगळ्यात लांब साडेनऊ. फिक्या पट्ट्या आधी लागतात, त्यामुळे गडद बाजू जरा जास्त भरते. दोन बाजू फिक्या आणि दोन गडद, म्हणून ब्लॉक तिरपा दुभागलेला दिसतो. एकच पथ्य पाळलं: पट्ट्या सुताच्या सरळ रेषेत कापायच्या. उरेब, म्हणजे सुताला तिरपा कापलेला, तुकडा बघायला छान, पण इस्त्रीखाली ताणतो आणि चौथ्या फेऱ्याला ब्लॉक पापडासारखा वाकडा होतो. प्रत्येक पट्टीनंतर इस्त्री फिरवून शिलाई बाहेरच्या बाजूला दाबली. कंटाळवाणं आहे, पण टाळलं की कळतं. टेरिकॉटचे तुकडे मी सरळ बाजूला काढले, सुतीबरोबर ते कधी जमत नाहीत.

खरी अडचण आली ती फिक्या कापडाची. आपल्या घरात उरलेलं काय असतं? मरून, बाटली हिरवं, जांभळं, मोरपंखी. पिशवीभर तुकडे आणि त्यातलं फिकं मूठभर. नवीन कापड आणलं तर मग उरलेलं वापरलं असं म्हणायला काही अर्थ नाही. म्हणून तीन गोष्टी केल्या. शर्टांच्या बारीक रेघांचं कापड सगळं फिक्यात घेतलं. छापील कापडांची उलटी बाजू वर घेतली. बुट्टा पुसट दिसतो आणि गडद म्हणून टाकलेलं कापड फिक्याच्या रांगेत बसतं. आणि सासऱ्यांचं जुनं धोतर फाडलं. ते इतकं पांढरंफेक होतं की बाकीच्या तुकड्यांत डोळ्यांत खुपलं असतं, तेव्हा कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून जरा मळकट केलं. मलमल पातळ असल्याने कापण्याआधी खळ द्यावी लागली, नाहीतर ती कात्रीखालून सरकते.

आता मांडणी. माझ्या मते सगळी गंमत इथे आहे आणि बायका इथेच घाई करतात. तेच ब्लॉक, फक्त फिरवायचे, आणि चित्र बदलतं. चार ब्लॉकच्या फिक्या बाजू एकमेकींकडे केल्या की चौकटी होतात. शेजारचा प्रत्येक ब्लॉक उलटा फिरवला, पण दुभागणारी तिरपी रेघ सगळ्यांची एकाच दिशेला ठेवली, की नांगराच्या तासांसारख्या तिरप्या रेषा. त्याच रेघेची दिशा ओळीगणिक बदलली की विजेसारखी नागमोडी रेषा. मला 'बार्न रेझिंग' हवं होतं, म्हणजे मधून बाहेर पसरत जाणारी मोठी चौकटीची रिंगणं. त्यात मधल्या चार ब्लॉकची फिकी बाजू आत, त्याबाहेरच्या रांगेची गडद बाजू आत, मग पुन्हा फिकी. सहा आडवे, आठ उभे. चारही कोपऱ्यांकडे सारखं पसरतं.

मांडायला भिंत नव्हती, डबल बेडवर मांडलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर हाताने गोधड्या शिवल्या. म्हणाल्या, "अगं, तो तिथला काढ. तिथं अंधार पडलाय." बोट ठेवलं ते एका निळसर शर्टाच्या ब्लॉकवर. माझ्या हिशोबी ते फिकं होतं. मी फोनवर फोटो काढून काळा-पांढरा केला, तर तो पट्टा शेजारच्या हिरव्याइतकाच करडा दिसला. रंग वेगळा म्हणून डोळा फसतो, उजेड-काळोखाला रंगाशी देणंघेणं नाही. पिवळ्याचं तर विचारू नका, काळ्याजवळ ठेवला की फिका आणि पांढऱ्याजवळ ठेवला की मध्यम. तो ब्लॉक आम्ही कडेला हलवला, तिथे निभावला. मग प्रत्येक ब्लॉक डोळे बारीक करून बघितला. त्याच सपाट्यात एकसारखं कापड शेजारी आलं का तेही पाहिलं. खणाचे आणि मोठ्या फुलांचे तुकडे पांगवले.

मांडणी ठरल्यावर प्रत्येक ब्लॉकला टाचणीने चिठ्ठी: पहिली ओळ अ१ ते अ६, दुसरी ब१ पासून. बेडवरून मशीनपर्यंत जाताना एक जरी फिरला तर रिंगण तुटतं. ओळींच्या शिलाया एका ओळीत डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे दाबल्या, त्यामुळे सांधे एकमेकांत बसतात आणि टोकं जुळतात.

आत भरायला विकतचा कापूस नाही घेतला. जुनी सुती साडी दुपदरी घातली, खाली धुऊन आटवलेलं मांजरपाट. धावदोरा सासूबाईंनी सुचवल्याप्रमाणे गडद-फिक्याच्या कडेने घातला, पट्टीपट्टीवर नाही. जाड गोधडीला एवढे टाके पुरतात, सारखे घातले की ती फळकुटासारखी ताठ होते. कडेच्या पट्टीसाठी अडीच इंची तुकडे तिरप्या जोडाने लांब केले. इथे उरेब लागत नाही, गोधडीच्या कडा सरळ असतात. जे एक इंचाहूनही बारीक उरलं, ते उशीत भरलं.